आधी सडा, मग संगणक: तालुक्याच्या वाचनालयातलं एक प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, समुद्र आणि घाट यांच्या मधल्या पट्ट्यात एक ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्याचं कारण पुढे येईल. वीस हजारांच्या घरातले ग्रंथ, एक ग्रंथपाल आणि एक मदतनीस एवढ्यावर चालणारं काम, संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त शिक्षकांची बैठक, आणि दिवाळी अंक आले की महिनाभर आत पाय ठेवायला जागा नाही. ग्रंथपालबाईंना गावात सगळे ताई म्हणतात, मीही तेच म्हणतो. पन्नाशी ओलांडल्यावर ताईंनी वाचनालयाची सगळी तालिका, म्हणजे ग्रंथांची सूची, एका आजारी संगणकातून उचलून वेबवर नेली, देवघेव ब्राउझरमधून सुरू केली, आणि आता वाचक घरी बसून मोबाइलवर पाहतात की पुस्तक आत आहे की कुणी नेलंय.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस, या कामात तांत्रिक मदतीला होतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण ताई ज्या वाटेने इथवर आल्या ती वाट आपल्या प्रशिक्षणवर्गांत कुठेच नसते. ती वाट सड्यावरून जाते.

जुनी यंत्रणा

वाचनालयात संगणक नवा नव्हता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं, ते एकाच संगणकावर चालायचं. दाखल रजिस्टरवरून नोंदी भरून घेतल्या होत्या, पण जुन्या धाटणीच्या मराठी फॉन्टमध्ये. ज्यांनी असा डेटा हाताळला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट आहे तोवर पडद्यावर मराठी दिसतं, तो काढला की उरतात रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. छापण्यापुरतं ते चालतं. शोधायला गेलं की हातात काही लागत नाही, आणि वेबवर तर ते मराठी राहतच नाही. विक्रेत्याने काही वर्षांनी ते काम बंद केलं, संगणक दर पावसाळ्यात रुसू लागला, आणि ताई निमूटपणे देवघेवीच्या वहीवर परतल्या.

ताई प्रशिक्षणवर्गांनाही जाऊन आल्या होत्या. त्यांच्या वहीत मार्क २१ (ग्रंथाच्या नोंदीचा ठरलेला साचा), झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयांतल्या नोंदी शोधून आणण्याची पद्धत), ओपॅक (वाचकांना पाहता येणारी संगणकावरची तालिका), सर्व्हर हे सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलेलं मी पाहिलं आहे. तरी घरी आल्यावर त्यातलं काहीच सुरू झालं नव्हतं. पुस्तकाचं नाव घेतलं की कपाट आणि खण सांगणारी ही बाई, तिला समजलं नाही असं म्हणण्याची माझी तयारी नाही. वर्गात शिकवलं गेलं ते एवढंच की कोणत्या चौकटीत काय भरायचं. ते का भरायचं, चुकलं तर काय होतं, चूक दुसऱ्या कुणाला दिसते का आणि ती दुरुस्त कोण करतो, याचा पत्ता नाही. शिवाय समोर वाचनालयाचा खरा डेटा, अनुदानासाठी तपासणी होणारा. अशा ठिकाणी हात कचरणारच.

सडा

वाचनालयाच्या साप्ताहिक सुट्टीला ताई सड्यावर जातात, लग्न होऊन या गावात आल्यापासून. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सडा म्हणजे जांभ्या दगडाची उघडी सपाटी. उन्हाळ्यात ती काळी, करपलेली, पाय भाजेल अशी. कागदोपत्री बऱ्याचदा पडीक. मृगाचे दोन-चार पाऊस झाले की तिचं रूप पालटतं. सुरुवातीला खडकाच्या फटीतून दीपकाडीचे पांढरे तुरे उभे राहतात. मग कातळाच्या उथळ खळग्यांत पाणी साचतं आणि त्यात गेंदाची पांढरी बोंडं दाटी करतात. त्यांच्या आसपास सीतेची आसवं, निळी-जांभळी, इतकी की लांबून ओल्या कातळावर रंग सांडल्याचा भास होतो. भाद्रपदात कवल्याचा आणि सोनकीचा पिवळा रंग येतो, तेरडा तर सगळीकडेच.

या फुलांमागचं कारण ताई सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. कातळावर माती बोटभर, तीही पावसाने धुतलेली, तिच्यात नत्र जवळपास नाहीच. म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खातात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यात चिलट अडकतं. सीतेच्या आसवांचे सापळे तर दिसतच नाहीत, ते चिखलात बुडालेले बारीक फुगे असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. ताई हे सांगताना उकिडव्या बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि नाक पानाला टेकेल इतक्या खाली वाकतात. पाऊस चालू असला तरी. डब्यात घावन-चटणी असते, ती एखाद्या कोरड्या कपारीत बसून खायची. चालायचं ते उघड्या कातळावरून, फुलांच्या गालिच्यात पाय टाकायचा नाही, हा त्यांचा नियम आणि तो त्या लहान मुलांनाही प्रेमाने पण ठामपणे पाळायला लावतात.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा भलामोठा हत्ती, देवाचे गोठणे इथली होकायंत्राची सुई भरकटवणारी जागा, बारसू, उक्षी, जांभरूण. २०२२ साली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यानंतर वाचनालयात येऊन त्यांच्याबद्दल विचारणारे वाढले. ताईंकडे त्याआधीपासून एक खिशातली वही होती: तारीख, कुठला सडा, काय पाहिलं, कुणी दाखवलं. फुलांचं नाव ठाऊक नसेल तिथे चित्र.

या वहीमुळेच पुढचं सगळं शक्य झालं, असं माझं मत आहे.

फोनवरची दीपकाडी

ताईंच्या भाच्याने त्यांच्या फोनवर आयनॅचरलिस्ट टाकून दिलं. निसर्गातल्या नोंदींचं हे जागतिक व्यासपीठ २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या ‘स्कूल ऑफ इन्फर्मेशन’मध्ये विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू झालं, आणि या विभागाची मुळं तिथल्या ग्रंथालयशास्त्राच्या शाळेत आहेत. ताईंना हे मी नंतर सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, “म्हणजे आपल्याच घरातलं निघालं की.”

पद्धत साधी. फोटो, तारीख, जागा एवढं टाकायचं. नाव ठाऊक असेल तर लिहायचं, नसेल तर ‘वनस्पती’ एवढंच लिहिलं तरी चालतं. मग जगभरातली जाणती माणसं नाव सुचवतात. फोटो, तारीख आणि जागा ठीक असतील, निदान दोघांनी ओळख दिली असेल आणि मतं देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत असेल, तर नोंद संशोधनाला वापरता येण्याजोगी ठरते.

ताईंनी पहिल्यांदा दीपकाडीचा फोटो टाकला तेव्हा यंत्राने सुचवलेलं नाव भलतंच होतं. ताईंनी ते स्वीकारून टाकलं. संध्याकाळपर्यंत कुणा अनोळखी माणसाने येऊन बरोबर नाव दिलं, खाली कारणही लिहिलं. ताईंना धक्का बसला तो चूक झाली याचा नाही. धक्का या गोष्टीचा की चूक झाली तरी काही मोडलं नाही. नोंद जागच्या जागी राहिली, जुनं मतही तिथेच दिसत राहिलं, आणि वर योग्य नाव आलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः दुसऱ्या कुणाची ओळख दुरुस्त केली. मग त्या सुटल्याच. रात्री जेवणं आटोपली की कोकणातल्या नोंदी उघडून बसायच्या.

दीपकाडीचं शास्त्रीय नाव पाहताना त्यांना कंसातलं डाल्झेल हे नाव दिसलं. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या या अधिकाऱ्याने या वनस्पतीचं पहिलं वर्णन केलं, वेगळ्या प्रजातीच्या (जीनसच्या) नावाखाली. पुढे बेकर यांनी तिला आजच्या प्रजातीत हलवलं. नाव बदललं, तरी पहिलं नाव देणाऱ्याची खूण कंसात कायम राहिली, आणि जुन्या नावाने शोधणारा माणूसही योग्य पानावर पोचतो.

दुसऱ्या दिवशी ताई मला म्हणाल्या, “कुसुमाग्रजांचं असंच करायचं असतं का?”

वि. वा. शिरवाडकरांनी कविता कुसुमाग्रज या नावाने लिहिली, नाटकं-कादंबऱ्या स्वतःच्या नावाने. जुन्या यंत्रणेत हे दोन लेखक होते. ग्रंथालयशास्त्रात याला अधिकृत नावाची नोंद म्हणतात: एक नोंद ठरवायची आणि बाकीच्या नावांवरून तिच्याकडे वाट काढून द्यायची. प्रशिक्षणवर्गात यावर अख्खा तास झाला होता, तो ताईंच्या वहीत होताही. कळला मात्र दीपकाडीमुळे. पुढचे कित्येक आठवडे आमचं बोलणं असंच चाललं. मार्कमधलं क्षेत्र २४५ म्हणजे शीर्षक, १०० म्हणजे मुख्य लेखक, हे आकडे आता त्यांना जड वाटेनात. कारण फोटोशिवाय, तारखेशिवाय, जागेशिवाय टाकलेली नोंद कुणाच्या उपयोगाची नसते, हे त्यांनी सड्यावर अनुभवलं होतं.

वेलांटी आणि रफार

सॉफ्टवेअर म्हणून आम्ही कोहा घेतलं. ते मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत, आणि ते पहिल्यापासून ब्राउझरमध्येच चालतं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या ग्रंथालयांनी १९९९ साली ते बनवून घेतलं, कारण त्यांची जुनी यंत्रणा २००० सालात चालणार नव्हती. जानेवारी २००० मध्ये ते प्रत्यक्ष वापरात आलं. छोट्या गावांच्या वाचनालयांच्या गरजेतून ते जन्मलं आहे, आणि वापरताना ते जाणवतं. सर्व्हर आम्ही स्वतः ठेवला नाही. कोकणातली वीज आणि दमट हवा पाहता तो भाड्याने घेणंच शहाणपणाचं होतं.

खरं काम होतं जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणण्याचं, आणि इथे जरा थांबून सांगतो, कारण महाराष्ट्रात हीच अडचण शेकडो वाचनालयांची असणार.

जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी, साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं: फॉन्टमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतर करणारी साधनं एकेकट्या वेलांटीला किंवा रफाराला सांभाळतात. दोन्ही एकाच अक्षरावर आले की गडबडतात. वार्षिक, आर्थिक, धार्मिक, मार्मिक, मार्गदर्शिका: वाचनालयाच्या तालिकेत या शब्दांचा तुटवडा नाही.

ताईंनी यावर जे केलं ते मला सुचलं नव्हतं. त्यांनी सगळ्या नोंदी एकापाठोपाठ तपासायला घेतल्या नाहीत. सड्यावर आपण प्रत्येक रोपटं पाहत नाही, आधी कुळ पाहतो, म्हणाल्या, आणि चुकांची कुळं पाडली. एका कागदावर रफार-वेलांटीची, दुसऱ्यावर जोडाक्षरांची, तिसऱ्यावर ‘ऱ्य’ची. मग एकेक कुळ एका झटक्यात शोधून बदलायचं, आणि उरलेले एकांडे शिलेदार हाताने.

‘ऱ्य’ने सर्वांत जास्त छळलं. किनाऱ्यावर, दऱ्या, गोऱ्हे, कऱ्हाड. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकदा ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगवेगळे. कऱ्हाडचा इतिहास शोधणाऱ्याला एका कीबोर्डवरून पुस्तक सापडायचं, दुसऱ्यावरून नाही. ‘ॲ’चंही तेच, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र चढवायचे. आणि अंक: खंड १ की खंड 1? आम्ही सगळीकडे एकच रूप ठरवलं आणि कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेत आयसीयू ही वेगवेगळ्या लिप्या हाताळणारी पद्धत चालू केली, तेव्हा कुठे देवनागरीतला शोध नीट चालू लागला.

तयार नोंदी बाहेरून आयात करण्याचा प्रयत्न मराठीसाठी फारसा उपयोगी पडला नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकं भरपूर आहेत, पण नोंदी बहुतेक रोमन लिपीत. इंग्रजी पुस्तकांसाठी मात्र ती सोय फार कामाची.

टायपिंगची भीती बोलून टाइप करण्याने गेली. ताई फोनमध्ये शीर्षक वाचायच्या, फोन लिहायचा, मदतनीस मुलगी तपासायची. दुपारच्या शांत वेळेत दोघींचा तो पाठ चाललेला ऐकून टेबलाजवळचे एक निवृत्त मास्तर उठून आले आणि म्हणाले, “शुद्धलेखन मी बघतो.” त्या दिवसापासून ते रोज बघतात.

बारकोडची चिठ्ठी ही वेगळी कथा. कोकणच्या हवेत साधी चिठ्ठी पावसाळा काढत नाही, सुटते किंवा कसर तिचा कागद खाते. वरून पारदर्शक पट्टी लावली, तीही पुस्तकाच्या आतल्या पानावर, बाहेर नाही.

कुणाला काय दिसावं

कार्यकारिणीत एकदा सूचना आली की नवी यंत्रणा आली आहे तर महिन्याचे सर्वाधिक वाचणारे वाचक आणि त्यांनी नेलेली पुस्तकं जाहीर करू. हेतू चांगला होता, प्रोत्साहनाचा. ताईंनी विरोध केला आणि कार्यवाहांना सड्यावरच्या कंदीलपुष्पाची गोष्ट सांगितली. कंदीलपुष्पाचे कंद लोक खणून नेतात. म्हणून आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप झाकली जाते: नकाशावरची खूण साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी पडते, नेमकी कधीच नाही. नोंद जगासमोर राहते, ठिकाण फक्त नोंदवणाऱ्यापाशी आणि त्याने ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांच्यापाशी. या लेखात गावाचं नाव नाही ते याचसाठी.

“वाचकाचंही तसंच,” ताई म्हणाल्या. “आजाराचं पुस्तक नेलं, कायद्याचं नेलं, ते गावाला कशाला कळायचं?” कोहामध्ये पुस्तक परत आलं की ते कुणी नेलं होतं हा दुवा पुसून टाकण्याची सोय आहे. आम्ही ती चालू केली, आणि स्वतःच्या वाचनाची यादी ठेवायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. संख्या जाहीर करतो, नावं नाही. कार्यकारिणीने ते मान्य केलं. माझ्या मते या सगळ्या बदलातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता, आणि तो कुठल्याही प्रशिक्षणातून आला नाही.

वाचक कुठून येतात

कोहामध्ये सार्वजनिक याद्या करता येतात. ताईंनी पहिली यादी केली ती सड्यावरची: कोकणातल्या वनस्पती, पक्षी, कातळशिल्पं, जांभ्याचा भूगर्भ, देवराया. पावसाळ्यात त्या शाळेतल्या मुलांना सड्यावर नेतात, आणि सड्यावर उभं राहूनच फोनवर ती यादी उघडून दाखवतात, रेंज असेल त्या टोकावर. धनेश पाहिलेला मुलगा संध्याकाळी धनेशाचं पुस्तक मागायला येतो. या मुलांच्या वयाचे सभासद वाचनालयाला पूर्वी परीक्षेच्या पुस्तकांपुरते मिळायचे.

मुंबईच्या चाकरमान्यांचा उपयोग आम्ही कुणीच कल्पिला नव्हता. गणपतीला गावी यायच्या आधी ते तिकडूनच तालिका पाहतात आणि पुस्तकं राखून ठेवायला सांगतात. श्रावण संपता संपता राखीव पुस्तकांचं एक कपाट भरलेलं असतं. आजीसाठी मोठ्या टाइपातली पुस्तकं आहेत का, अशीही विचारणा येते.

वीज जाते तेव्हा देवघेव वहीवर होते आणि दिवे आले की वहीतून यंत्रणेत. ताईंना यात कमीपणा वाटत नाही, मलाही नाही.

अडलं आहे ते दिवाळी अंकांवर. अंक म्हणून त्यांची नोंद करणं सोपं, पण वाचक मागतो तो लेख: अमक्या खाडीवरचा, तमक्या देवराईवरचा, चाळीस वर्षांपूर्वीच्या अंकातला. लेखवार सूची करायची तर दोन माणसांचं बळ पुरणार नाही. ताईंचं म्हणणं, सगळे अंक नकोत, कोकणाविषयीचं लेखन असलेले निवडू, आणि निवृत्त मास्तरांच्या टेबलाला ते काम देऊ. मास्तर तयार आहेत. कोणते विषय घ्यायचे यावर त्यांच्यात अजून एकमत नाही. ते होईपर्यंत जुना एकही अंक रद्दीत घालायचा नाही, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे.